शेवटच्या सहा ओळी

मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४. सकाळी गारठा. दूधवाला उशिरा आला. मंदिरातून येऊन साडेआठला रानात. हरभरा बत्तीस दिवसांचा झाला. पीक पिवळे आहे. कालच्यापेक्षा जास्त पिवळे. फक्त ओढ्याकडच्या शेवटच्या सहा ओळी हिरव्यागार. कारण समजत नाही. चांदसाहेबांनी दुपारची भाकरी न खाता तशीच परत नेली. जयपालचा पुण्याहून फोन. पीक कसे आहे विचारले. मी 'बघू' म्हटले.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकून कस्तुरीबाईंनी एवढं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. वही मात्र मिटेना. त्या 'बघू'वर नजर अडून राहिली. पोराशी त्या सरळ बोलायच्या. त्याला टोलवायची वेळ आजवर आली नव्हती.

वही लिहायची सवय तेराव्या वर्षापासूनची. पाचगणीच्या शाळेत सिस्टरांनी पहिली वही हातात दिली, तेव्हापासून त्रेसष्ट वर्षांत एक दिवस कोरा गेला नव्हता. लग्न होऊन कुंडलला आल्या, सासूबाईंच्या हाताखाली चूल शिकल्या, जयपाल झाला, सगळं वहीत आहे. नवरा, आदगोंडा अण्णा, गेले त्या दिवसाच्याही चार ओळी आहेत. किती वाजता गेले, कोण कोण आलं, आणि दारात चपला ठेवायला जागा उरली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशीच्या पानावर मात्र एकच वाक्य आहे: "सकाळी सहाला चांदसाहेब आले आणि म्हणाले, वैनी, आज कुठलं रान भिजवू?"

त्या वाक्याला अकरा वर्षं झाली. अण्णा गेले म्हणजे हा गडीही जाणार, असं सगळ्या गल्लीनं गृहीत धरलं होतं. चांदसाहेबांच्या त्या एका प्रश्नानं घर पुन्हा उभं राहिलं, असं कस्तुरीबाई आजही मानत.

चांदसाहेब जन्माचे शेतकरी नव्हेत. ते कल्हईवाले. वडीलही कल्हईवालेच. सायकलच्या दांडीला भाता, मागच्या कॅरियरला कोळशाचं पोतं, आणि खिशात नवसागराची पुडी, अशी त्यांची तरुणपणची स्वारी. कुंडल, पलूस, ताकारी करत करत मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेला ते आठ-आठ दिवस मुक्काम टाकायचे. झाडाखाली हातभर खड्डा खणायचा, कोळसा पेटवायचा, पातेलं तापून आलं की नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उठला की कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरवायचा. काळंठिक्कर पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. दिवाळीआधी बायकांची रांग लागायची, आणि रांगेत आपलं पातेलं पुढं सरकवणाऱ्या बाईला चांदसाहेब म्हणायचे, "मावशी, तुमच्या पातेल्याला लगीनघाई झालीया, पर नवरदेव म्होरल्या पातेल्यात अडकलाय."

मग स्टील आलं. आधी श्रीमंताघरी, मग सगळ्यांघरी. कल्हईला उरले ते लग्नातले आचारी, आणि पुढं त्यांनीही मोठाली अल्युमिनियमची पातेली घेतली. एके दिवशी अण्णांनी त्यांना रिकाम्या सायकलवरून जाताना हाक मारली आणि सांगितलं, चांद, वाऱ्यासाठी भाता कशाला ओढतोस, माझ्या रानात फुकट वारा आहे. भाता गोठ्यातल्या खुंटीला लागला तो लागलाच. पहिली दोन वर्षं चांदसाहेबांना सरी धड काढता येईना. अण्णांनी हात धरून शिकवली. पुढं अर्ध्या वाट्यानं सगळं रान त्यांनीच सांभाळलं.

त्यांची एक रीत मात्र गडी होऊनही बदलली नाही. गावातल्या घरोघरच्या भांड्यांच्या पोटात त्यांचा हात फिरलेला. पण कल्हई होऊन भांडं एकदा दाराच्या आत गेलं की ते पुन्हा त्याला शिवत नसत. तसा नियम कुणी केला नव्हता. अण्णा तर त्यावरून त्यांना रागवायचे. पण सासूबाईंच्या काळात जे अंतर पडलं ते चांदसाहेबांनी आपण होऊन जपलं, आणि कस्तुरीबाईंनीही कधी मोडलं नाही. तांब्याच्या कळशीतलं पाणी त्या वरून ओतायच्या, चांदसाहेब ओंजळीनं प्यायचे. दोघांनाही त्यात काही खटकत नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

आता हे रान. ओढ्याकाठचं सव्वा एकर. तीस वर्षं त्यात ऊस आणि फक्त ऊस. खताची पोती वाढत गेली आणि ऊस बारीक होत गेला. माती ढेकळासारखी घट्ट झाली, उन्हाळ्यात वर पांढरट फुलायची. त्याच मातीवर आप्पासोंची नजर होती. आप्पासोंची वीटभट्टी ओढ्यापलीकडं. माणूस गोड. काकी-काकी करत यायचे, चहा प्यायचे आणि वरची तीन फूट माती मागायचे. जयपालला त्यात वावगं दिसत नव्हतं. तो पुण्यात नोकरीला, आई शहात्तर वर्षांची, रानात पिकत नाही, चांदचाचाही थकलेले. दिवाळीला आला तेव्हा समजुतीच्या सुरात म्हणाला, "माती काढली तरी जमीन आपलीच राहते, आई."

चांदसाहेब उंबऱ्याबाहेर दोर वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "व्हय की. साय काढल्यावर दूध बी आपलंच असतंय."

जयपाल हसला, पण त्याचं म्हणणं त्यानं सोडलं नाही. शेवटी असं ठरलं, की हरभरा टोकून झालाच आहे तर संक्रांतीपर्यंत थांबायचं. पीक नाव घेण्याजोगं उभं राहिलं तर माती राहील. नाहीतर संक्रांतीला आप्पासोंना होकार द्यायचा. माती गेली तर चांदसाहेब शिरवळला जाणार हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा रिजवान तिथं कारखान्यात होता आणि दर ईदेला बापाला न्यायला यायचा. त्यांच्या बायकोचा, नूरजहांभाभींचा, जीव नातवंडांत अडकलेला. अडकून पडलेले होते ते एकटे चांदसाहेब, या सव्वा एकरात.

हरभऱ्याचा विचार संयोगितानं डोक्यात घातला होता. संयोगिता म्हणजे गावची कृषी सहायक. स्कूटीवरून यायची आणि सगळ्या म्हाताऱ्यांना मावशी म्हणायची. माती तपासून आणली तेव्हा तिनं कागद वाचून दाखवला आणि मग बाजूला ठेवून दिला. तिचं म्हणणं असं, की या रानाच्या ताटात वाढलंय भरपूर, पण भरवणारं कुणी राहिलं नाही. मातीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. हरभऱ्याच्या मुळाशी घर करून राहणारी त्यांची एक जात हवेतला नत्र ओढून पिकाला देते. तीस वर्षांच्या उसात ती जात या रानातून जवळजवळ उठून गेली होती. संयोगितानं चार पाकिटं दिली. काळसर ओलसर भुकटी, वास पावसाळी जमिनीचा. गुळाच्या पाण्यात कालवायची, बियाण्याला माखायची, सावलीत सुकवून लगेच टोकायचं. मुळावर गाठी धरल्या आणि गाठ चिरल्यावर आत गुलाबी निघाली, म्हणजे जिवाणू कामाला लागले असं समजायचं.

कस्तुरीबाईंना हे ऐकून जो आनंद झाला तो त्या सव्वा एकरापुरता नव्हता. त्यांना दोन जुन्या गोष्टी एकदम आठवल्या. एक, पाचगणीच्या शाळेत सिस्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला टाकीतल्या पाण्याचा थेंब, आणि त्यात पळापळ करणारे जीव. दुसरी, सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेली जैन घरची रीत. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यात अडकलेले जीव गाळलेल्याच पाण्यानं हलकेच धुऊन पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे. शाळेतून आलेल्या नव्या सुनेला बाकी बऱ्याच रीती जाचायच्या, ही कधी जाचली नाही. तो थेंब तिनं पाहिलेला होता. आता म्हातारपणी कुणीतरी सांगत होतं, की तसेच जीव मातीत नेऊन सोड. एवढं पुण्याचं काम रानात मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

म्हणून त्यांनी ते मनापासून केलं, आणि तिथंच घोळ झाला. सूर्य मावळल्यावर पाण्यातलं काम करायचं नाही हा त्यांचा नेम. टोकणीच्या बायका सकाळी सातला येणार. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी दुपारीच पाणी उकळून गार केलं, गूळ विरघळवला, आणि दिवस असतानाच पाकिटं कालवून ठेवली. कशात ठेवायची याचा विचारही करावा लागला नाही. जिवंत वस्तू, तिला घरातलं सगळ्यांत शुद्ध भांडं हवं. कळशीतलं पिण्याचं पाणी त्यांनी दुसरीकडं ओतलं, कळशी घासली, त्यात ते कालवलेलं पाणी भरलं, आणि वर फडकं बांधून ती रात्रभर देव्हाऱ्याजवळ ठेवली.

तर आता बत्तीस दिवस होऊन गेले होते आणि रान पिवळं पडलं होतं.

बुधवारी सकाळी त्या वही घेऊनच रानात गेल्या. चांदसाहेब बांधावर उकिडवे बसले होते. रात्री झोपले नसावेत. कस्तुरीबाईंनी त्यांना दोन झाडं खणायला सांगितलं, एक पिवळं आणि एक हिरवं. उपटायचं नाही, उपटलं तर गाठी मातीत राहतात, असं संयोगितानं बजावलं होतं. चांदसाहेबांनी खुरप्यानं चहूबाजूंनी माती सोडवून मुळं अलगद वर काढली आणि पाटाच्या पाण्यात हलवून धुतली.

पिवळ्या झाडाचं मूळ धुतलेल्या सुतळीसारखं निघालं. त्यावर कुठं एखादा फिकट दाणा. हिरव्याच्या मुळावर मात्र मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या गाठी लगडलेल्या. चांदसाहेबांनी अंगठ्याच्या नखानं एक चिरली. आत डाळिंबाच्या दाण्याचा रंग.

चांदसाहेबांनी हिरव्या ओळींकडं मान वळवली.

"ह्या सहा वळीत आपुन काय येगळं घातलं, वैनी?"

"काहीच नाही."

"मग वहीत बगा की. आण्णा म्हनायचं, चांद, तुजी माजी याद चुकंल, हिची वही न्हाई चुकायची."

कस्तुरीबाईंनी चष्मा लावला आणि पंचवीस ऑक्टोबरचं पान काढून मोठ्यानं वाचलं. "शुक्रवार. टोकण सातला सुरू. काल कालवलेल्या पाण्याने बियाणे माखले. अकराच्या सुमारास कळशीतले पाणी संपले. शेवटच्या सहा ओळींचे बियाणे उरले. एक पाकीट चुकून पिशवीत राहिले होते. चांदसाहेबांनी ते विहिरीच्या पाण्यात, त्यांच्या शेळीच्या बादलीत कालवले. बादली स्वच्छ नव्हती. मला आवडले नाही."

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्यांना ते परत घ्यावंसं वाटलं. चांदसाहेबांनी मात्र गंभीरपणे मान हलवली.

"न्हवतीच स्वच्छ. शेळी तिच्यात तोंड घालून शिंकती."

मग त्यांच्या डोळ्यांतली चेष्टा हळूहळू उतरली. त्यांनी विचारलं, कालचं पाणी म्हणजे किती वेळ कालवून ठेवलेलं? कस्तुरीबाईंनी सांगितलं, आदल्या दिवशी चारपासून. आणि कळशी कोणती? पिण्याच्या पाण्याचीच, तांब्याची. चांदसाहेबांनी खुरपं खाली ठेवलं.

"वैनी, तांब्यात ताक ठिवशीला का तुमी?"

कस्तुरीबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. साधी गोष्ट होती. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, खाल्लं तर उलटी होते, हे कुठल्याही सुनेला पहिल्या वर्षी कळतं. गुळाचं पाणी रात्रभरात आंबतं, हेही कळतं.

"कळकलं," त्या म्हणाल्या.

"तांब्यानं खाल्लं त्यास्नी. द्राक्षवालं बुरशी माराया काय फवारत्यात? मोरचूद. त्ये काय असतंय? तांबंच की." हे त्यांनी भराभर सांगितलं, आणि मग आवाज खाली आला. "पर वैनी, चूक तुमची एकटीची न्हाई. मी बगितलं व्हतं. त्या दिवशी सकाळी कळशीच्या गळ्याला आतून हिरवा वळ आल्याला. तीस वर्सं तांब्याचा हिरवा खरवडला मी, मला वळखू येत न्हाई व्हय? पर वाटलं, तुमच्या देवाम्होरचं पानी, आपुन कशाला तोंड घालावं. गप बसलो."

कस्तुरीबाईंनी वही मिटली. लाखो जीव त्यांनी शुद्धतेच्या हौसेनं मारले होते, आणि ज्याला ते दिसलं तो त्यांच्याच घराचा मान राखून गप्प राहिला होता. काय आणि कुणाला दोष द्यायचा. मग त्या म्हणाल्या, आज आपण एकवेळच जेवणार, उद्या उपवास करणार.

"करा की," चांदसाहेब उठत म्हणाले. "पर तुमच्या उपासानं हरभरा हिरवा व्हयाचा न्हाई. आदी त्या पोरीला फोन लावा."

संयोगितानं सगळं ऐकून घेतलं. कळशीचं ऐकल्यावर ती तिकडं उगाच खोकली. बहुतेक ती हसू आवरत असावी. मग तिनं सांगितलं, की अजून आळवणी करून बघता येईल. म्हणजे तेच जिवाणू पातळ औषधाच्या बाटलीतून येतात, ते विहिरीच्या पाण्यात मिसळून झाडांच्या बुडाशी ओतायचे. नळाचं पाणी नको, त्यात जंतू मारायचं औषध असतं. ऊन उतरल्यावर करावं. शंभर टक्के मात्र सांगत नाही, मावशी, उशीर झालाय. कस्तुरीबाईंनी विचारलं, संध्याकाळच्या ऐवजी पहाटे उजाडताना केलं तर? चालेल, म्हणाली.

बाटल्या दुसऱ्या दिवशी आल्या. शुक्रवारी तांबडं फुटताना दोघं रानात हजर. भांडं कोणतं याची चर्चा झाली नाही. शेळीची निळी बादली कस्तुरीबाईंनी स्वतः आदल्या दिवशी राखेनं घासून उन्हात वाळवली होती, साबण न लावता. तीच उचलून त्या निघाल्या तसे चांदसाहेब बघत राहिले. मग बाईंनी दुसऱ्या हातातली पिण्याच्या पाण्याची कळशी त्यांच्यापुढं धरली.

"ही तुम्ही घ्या. दोन्ही मला पेलत नाहीत."

चांदसाहेबांचा हात पुढं आला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो धोतराला पुसला. मग कळशी घेतली, गळ्याशी धरून, जशी कधीकाळी भट्टीवरून उचलायचे तशी, आणि पुढं चालू लागले. वाटेत ते एवढंच म्हणाले, की हिच्या बुडाला पोचा आलाय, ठोकून देतो. त्या दिवशी दुपारी त्यांनी भाकरी खाल्ली आणि कळशीतलं पाणी आपल्या हातानं ओतून घेतलं. कस्तुरीबाईंनी हे वहीत लिहिलं नाही. काही गोष्टी लिहिल्या की मोठ्या दिसतात, आणि ही त्यांना मोठी करायची नव्हती.

तीन पहाटा झारीनं ओळीओळीच्या बुडाशी पाणी घालण्यात गेल्या. चांदसाहेब ओतायचे, बाई बादलीतून झारी भरायच्या. टोकणीच्या दोन बायका मदतीला आल्या आणि म्हाताऱ्या वैनींना शेळीच्या बादलीशी बघून पदराआड हसल्या. मग वाट बघणं सुरू झालं. वहीत ओळीनं दहा दिवस "बदल नाही" असं लिहिलं आहे. अकराव्या दिवशी "बदल नाही, ढग आले". आप्पासो एकदा बांधावरून डोकावून गेले. चांदसाहेबांनी त्यांना विचारलं, काय आप्पासो, आमच्या मातीचं लगीन ठरल्यावानी रोज बगाया येताय. ते म्हणाले, पोरगी नापसंत नाही, फक्त मुहूर्ताची वाट बघतोय.

सोळा डिसेंबरला मधल्या ओळीतलं एक झाड खणलं. मुळावर सात गाठी होत्या, बारक्या. चांदसाहेबांनी एक चिरली आणि नख बाईंपुढं धरलं. फिकट होतं, पण गुलाबीच. त्या दिवशी वहीत लिहिलंय: "गाठी सात. दोघांनी मोजल्या."

तिथून रान रंग बदलत गेलं. आधी शेंडे, मग खालची पानं. पूर्ण हिरवं झालं असं म्हणता येणार नाही, ओढ्याकडच्या सहा ओळींची बरोबरी बाकीच्यांनी शेवटपर्यंत केली नाही. त्या इतरांपेक्षा वीतभर उंच राहिल्या आणि दाटही. पण घाटे सगळीकडं धरले, आणि सकाळच्या दवात रानातून आंबट वास यायला लागला.

संक्रांतीला जयपाल आला. कबूल केल्याप्रमाणे आप्पासोही आले, पांढरा सदरा घालून. चौघंही बांधावरून चालत ओढ्याच्या कडेला गेली. जयपाल थांबला. बाकीचं पीक बेताचं आणि इथं एकदम भिंत उभी राहावी तशा सहा ओळी. त्यानं विचारलं, इथं काय घातलं?

कस्तुरीबाईंना दोन शब्दांत सांगता आलं असतं. त्यांनी वही उघडली आणि पंचवीस ऑक्टोबरपासूनचं सगळं वाचून दाखवलं. कळशी, गूळ, बादली, आपला अपराध, आळवणी, सात गाठी. एकही ओळ गाळली नाही. पोरासमोर, आणि मुख्य म्हणजे आप्पासोंसमोर, आपला मूर्खपणा असा मोठ्यानं वाचताना त्यांचा आवाज कापला नाही. चांदसाहेबच अस्वस्थ होऊन बांधावरचं गवत तोडत राहिले.

"म्हंजे काकी," आप्पासो म्हणाले, "मारलं बी तुमीच आनि जगवलं बी तुमीच."

"मारलं मी. जगवलं यांनी," कस्तुरीबाईंनी चांदसाहेबांकडं बोट केलं.

"मी न्हाई," चांदसाहेब म्हणाले. "शेळीनं."

जयपाल हसला नाही. तो खाली बसला होता. त्यानं चांदसाहेबांकडून खुरपं मागून घेतलं, आधी सहा ओळींतलं एक झाड खणलं, मग मधलं एक. लहानपणी अण्णांच्या मागं मागं फिरायचा तेव्हा बसायचा तसा मांडी घालून. दोन्ही मुळं हातावर शेजारी शेजारी ठेवली. एक गाठ नखानं चिरून पाहिली, मग दुसरी.

"आई, सगळं रान हिरवं असतं ना, तर मी म्हटलं असतं, यंदा पाऊस बरा झाला. सगळं पिवळं असतं तर आत्ता आप्पासोंना हो म्हणून मोकळा झालो असतो. एकाच रानात, एकाच पाण्यावर, एकाच दिवसाचं बी, आणि फरक फक्त या गाठींचा." त्यानं दोन्ही मुळं आईच्या हातात दिली. मग उभा राहिला. "आप्पासो, माती नाही द्यायची. राग मानू नका."

आप्पासोंनी राग मानला नाही, किंवा मानला असेल तर सदऱ्याच्या आत. दुसरीकडं बघतो म्हणाले, आणि जाताना, आता माती नाही तर निदान चार डहाळे तरी द्या, म्हणून सहा ओळींतलाच हरभरा मागून नेला. चांदसाहेबांनी त्यांना शोधून सगळ्यांत दाट घाट्यांचे डहाळे काढून दिले.

घरी आल्यावर जयपालनं पहिला तिळगूळ आईला दिला आणि दुसरा चाचांना. चांदसाहेब उंबऱ्याच्या आत आले नाहीत, पण बाहेरही बसले नाहीत, उंबऱ्यावरच बसले. त्यांनी तिथूनच रिजवानला फोन लावला. नूरजहांभाभींना आठ दिवसांसाठी घेऊन जा, म्हणाले, मला आत्ता जमत नाही, हरभरा काढायचाय, आणि पुढच्या साली सोयाबीनला हेच करायचंय. पलीकडून रिजवान काहीतरी बोलत होता. चांदसाहेब बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तसं न्हाई रं. हितं माजी गरज हाय."

कस्तुरीबाई स्वयंपाकघरात होत्या, पण त्यांनी ते ऐकलं. हातातलं काम तसंच ठेवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. अण्णा, सिस्टर, सासूबाई, ती स्कूटीवाली पोर, उंबऱ्यावर बसलेला हा कल्हईवाला, आणि जे डोळ्यांना दिसत नाहीत ते. एका माणसाच्या वाट्याला किती जणांचं राबणं यावं. हात जोडायचे तर नेमके कुणीकडं तोंड करून जोडावेत ते त्यांना कळेना. म्हणून त्यांनी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.

सूर्य खाली जायच्या आत सगळ्यांची जेवणं झाली. मग त्यांनी वही घेतली. लिहून झालेलं पान त्यांनी त्रेसष्ट वर्षांत कधी बदललं नव्हतं. त्या दिवशी मात्र पंचवीस ऑक्टोबरचं पान काढून समासात बारीक अक्षरात लिहिलं: "बादलीबद्दलचे शेवटचे वाक्य मी मागे घेते." खाली तारीख घातली. मग आजचं पान काढलं.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५. संक्रांत. जयपाल आला. माती द्यायची नाही असे ठरले. शेळीची बादली धुऊन चांदसाहेबांबरोबर परत पाठवली. त्यांनी कळशीचा पोचा काढून दिला. कळशी चिंचेने घासून पुन्हा पिण्याच्या पाण्याला लावली.